लिव्हर बांधून घाट उतरत नाही

गेल्या पावसाळ्यात, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, आमच्या गॅरेजच्या दारात एक जुनी पिकअप येऊन थांबली. आमचं गॅरेज फुलेवाडीच्या पुढे, गगनबावडा रोडला आहे. गाडी ओळखीची, ड्रायव्हरही ओळखीचा. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पहाटे भाजी भरायची, गगनबावड्यावरून घाट उतरून वैभववाडीकडे पोचवायची, येताना मिळेल तो माल घेऊन यायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा धंदा. मी दार उघडून आत वाकलो तर गिअरच्या लिव्हरला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. तिसरा गिअर टाकायचा आणि पट्टी डॅशबोर्डखालच्या हुकात अडकवायची, अशी व्यवस्था.

“भावा, ही पट्टी तुटली बघ परवा घाटात,” तो म्हणाला. “जरा दणकट ट्यूब लावून दे. गिअरबॉक्सचं दसऱ्यानंतर बघू.”

परवा घाटात काय झालं ते त्याने हसत हसत सांगितलं. धुकं, ओला रस्ता, मागे भरलेला हौदा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या आधाराने सावकाश उतरत होती. वळणाच्या अलीकडे पट्टी तुटली, लिव्हर न्यूट्रलला आली आणि गाडी मोकळी सुटली. नुसत्या ब्रेकवर त्याने दोन वळणं काढली. तिसऱ्या वळणाला ब्रेक जळाल्याचा वास यायला लागला, तेव्हा त्याने गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. एक बाजू घासली, बाकी काही नाही. दरी दुसऱ्या बाजूला होती.

तो हसत होता, मला हसू येईना. कारण ही पट्टी बांधायची युक्ती त्याला मार्च महिन्यात मीच दिली होती. तेव्हा तो घाईत होता, हंगाम सुरू होता, आणि गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं की गाडी तीन दिवस उभी राहणार. मी वरचं झाकण काढून एक स्प्रिंग बदलली, लिव्हर बांधून दिली, ४०० रुपये घेतले आणि म्हणालो, “एवढ्यावर भागेल.” भागलं नाही. एक माणूस आणि त्याच्यामागचं सगळं घर दरीत जाता जाता वाचलं.

अब्बा खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “आण्णा, चावी इथं ठेवा. गाडी आता मिळणार नाही.” मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यातून हा लेख आला आहे.

दोस्तांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी या धंद्यात आहे. कुणाचे अब्बा मिस्त्री, कुणाचा मामू पेंटर, कुणाचा चुलतभाऊ वायरमन. आपल्याकडे हुनर आहे हे आपण एकमेकांना अभिमानाने सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ते हुनर आपण मोजत नाही, लिहीत नाही आणि गिऱ्हाइकाला उघडून दाखवत नाही. त्यामुळे आपण पिढ्यान्‌पिढ्या लिव्हर बांधत बसलो आहोत. हे कसं, ते सांगण्यासाठी आधी गिअरबॉक्स उघडावा लागेल.

गिअर का सटकतो

ज्यांनी कधी गिअरबॉक्सच्या आत पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेटीत मुख्यतः दोन शाफ्ट असतात, एक खाली आणि एक वर. खालच्या काउंटर शाफ्टवरची चाकं आणि वरच्या मेन शाफ्टवरची चाकं कायम एकमेकांत अडकलेली असतात. म्हणजे आपण गिअर टाकतो तेव्हा दातात दात घालत नाही, ते आधीच घातलेले असतात. वरच्या शाफ्टवरचं चाक मोकळं फिरत असतं. लिव्हर ढकलली की आतला फोर्क एका गोल स्लीव्हला सरकवतो आणि ती स्लीव्ह चाकाच्या बाजूच्या बारीक दातांवर जाऊन बसते. चाक शाफ्टला बांधलं जातं आणि ओढ मागच्या चाकांपर्यंत पोचते.

पण चाकाचा वेग वेगळा, स्लीव्हचा वेगळा. तसंच बसवायला गेलं तर खर्र करून दात खाणार. म्हणून मध्ये एक पितळी रिंग असते, तिला सिंक्रो रिंग म्हणतात. तिच्या आत बारीक आटे असतात. ते तेलाचा थर कापतात, रिंग चाकाच्या कोनावर घासून त्याला स्लीव्हच्या वेगावर आणते आणि मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. ही सोय मोटारीत पहिल्यांदा १९२८ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅकने आणली. त्याआधी ड्रायव्हरला दोनदा क्लच दाबून, कानाने अंदाज घेऊन वेग जुळवावा लागायचा. आपल्याकडचे जुने ट्रक ड्रायव्हर अजूनही सवयीने ‘डबल क्लच’ मारतात, त्याचं मूळ तिथं आहे.

आता झीज कशी होते ते बघा. पितळी रिंगचे आटे घासून गुळगुळीत झाले की गिअर टाकताना खरखर सुरू होते. ती खरखर म्हणजे स्लीव्ह आणि चाकाचे बारीक दात एकमेकांवर आपटण्याचा आवाज. ड्रायव्हर जोर लावून तसाच गिअर टाकत राहतो. महिनोन्‌महिने आपटून त्या दातांची टोकं गोल होतात, त्यांच्या बाजूची धरून ठेवणारी तिरपी कड जाते. मग उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला, चाकांनी इंजिनला उलटं ढकललं, की स्लीव्ह घसरून बाहेर येते. यालाच आपण गिअर सटकला म्हणतो.

म्हणजे खरखर हा पहिला इशारा होता. तेव्हा काम पितळी रिंगवर भागलं असतं. आपण ऐकलं नाही, म्हणून काम स्लीव्हवर आणि चाकावर गेलं. सटकणाऱ्या गिअरची लिव्हर बांधली की गोल झालेले दात जबरदस्तीने एकमेकांवर दाबून ठेवले जातात. सगळा भार फोर्कवर येतो, फोर्कही घासतो. ज्याला आपण काटकसर म्हणतो, ती प्रत्यक्षात पुढच्या बिलाची बेगमी असते.

पेटी उघडल्यावर

आम्ही आधी ऑइल काढलं. ड्रेन प्लगला चुंबक असतं, त्यावर राखाडी मलमासारखा थर दिसला. तेवढा थर बहुतेक जुन्या गाडीत असतो, त्याने घाबरायचं कारण नाही. पण ऑइल ट्रेमध्ये ओतून उन्हात धरलं तेव्हा त्यात सोनेरी चमक होती. पितळेला चुंबक ओढत नाही, त्यामुळे ती प्लगवर दिसत नाही, ऑइलमध्येच शोधावी लागते. ती चमक म्हणजे सिंक्रो रिंगचा चुरा.

पेटी उतरवली, उघडली. तिसऱ्या गिअरची रिंग चाकाच्या कोनावर दाबून हाताने फिरवली तर ती पकडेचना, भाकरीसारखी फिरत राहिली. रिंग आणि चाक यांच्यामधली फट मी फिलर गेजने तीन ठिकाणी मोजली. नव्या रिंगला ही फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरली की रिंगचं आयुष्य संपलं असं बऱ्याच पिकअपच्या बाबतीत धरतात. नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. आमच्या पुढ्यातल्या रिंगमध्ये गेजचं सगळ्यात पातळ पातंच तेवढं गेलं.

मग स्लीव्हचे दात बघितले, फोर्कची जाडी मोजली, मेन शाफ्ट पुढेमागे किती हलतो ते डायल गेजने पाहिलं. बेअरिंग उद्यमनगरात प्रेसवर काढून आणली. तिसऱ्या गिअरचं चाक, स्लीव्ह आणि हबचा जोड, तीन सिंक्रो रिंगा, फोर्क, दोन बेअरिंग, ऑइल सील आणि नवं ऑइल, एवढं पडलं. बिल १९,५०० रुपये झालं. माझ्या मजुरीतला निम्मा भाग मी घेतला नाही. तो माझ्या मार्चमधल्या चुकीचा दंड.

इथं ऑइलबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ही चूक गल्लोगल्ली होते. ‘९० नंबर’ म्हणून एकच ऑइल गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शिअलमध्ये ओतलं जातं. डब्यावर बारीक अक्षरात जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. जीएल-५ हे डिफरन्शिअलच्या जबर दाबासाठी बनवलेलं असतं. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळेला खाऊ शकतात, आणि त्याच्या जास्त निसरडेपणामुळे सिंक्रो रिंगला पकड मिळायला अडचण येते. पितळी रिंगा असलेल्या बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना म्हणूनच जीएल-४ सांगितलेलं असतं. दोन्ही डब्यांच्या किमतीत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो लेबल वाचणाऱ्यात आणि न वाचणाऱ्यात.

कान आणि गेज

माझे अब्बा सातवी शिकलेले. स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला आणि मूठ कानाला लावून ते सांगायचे की कुठलं बेअरिंग गेलं आहे. न्यूट्रलमध्ये गाडी चालू ठेवून घरघर ऐकायची. क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर दोष पेटीच्या आत, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. चौथ्या गिअरला आवाज कमी झाला तर काउंटर शाफ्टकडे बघायचं, कारण बहुतेक जुन्या पिकअपमध्ये चौथा गिअर थेट असतो आणि भार खालच्या शाफ्टवरून जात नाही. हे सगळं त्यांना कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नाही. त्यांच्या उस्तादाने शिकवलं, तेही अर्धं बोलून आणि अर्धं पाना फेकून मारून.

मी कळंब्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला. तिथं मला गेज, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच हातात धरायला शिकवलं. परत आलो तेव्हा वाटायचं, अब्बांचं सगळं अंदाजपंचे आहे. सहा महिन्यांत कळलं की तो अंदाज नव्हता. तीस वर्षांत हजारो पेट्या ऐकून बनलेलं ते इल्म होतं. फक्त ते कुठंही लिहिलेलं नव्हतं.

आणि आता अब्बांच्या उजव्या कानाला कमी ऐकू येतं. आयुष्यभर हातोडा, ग्राइंडर आणि सायलेन्सर फुटलेल्या गाड्या ऐकल्यावर दुसरं काय होणार? गेल्या वर्षी ते एका गाडीला कान लावून बराच वेळ बसले, मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तू बघ बेटा, मला आज नीट लागत नाही.” मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. शहरातली एक लायब्ररी हळूहळू बंद होत होती आणि मी तिच्या दारात उभा होतो.

हे एका घराचं दुःख नाही. सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात नोंदवलं होतं की मोटार वाहनांची विक्री, देखभाल आणि दुरुस्ती या क्षेत्रात मुस्लिम कामगारांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा बराच जास्त आहे. म्हणजे देशाची चाकं फिरती ठेवण्यात आपल्या माणसांचे हात मोठ्या संख्येने आहेत. त्याच अहवालाने शिक्षणात आणि पक्क्या नोकऱ्यांत आपण किती मागे आहोत तेही दाखवलं. हात पुढे आणि कागद मागे, असं हे चित्र आहे.

ज्याने लिहून ठेवलं तो उरला

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला अधूनमधून अल-जझरी येतो. मुस्लिम शास्त्रज्ञांनी जगाला काय दिलं, त्या यादीत त्याचं नाव असतं. तो कोण होता? आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकर इथं अर्तुकी घराण्याच्या पदरी पंचवीसेक वर्षं काम केलेला कारागीर. पाणी उपसणारी यंत्रं, घड्याळं, दातेरी चाकं बनवणारा. त्याच्या काळात असे हुन्नरी उस्ताद आणखीही असतील. पण त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्याचं आहे. कारण त्याच्या सुलतानाने त्याला सांगितलं की जे बनवलंस ते लिहून ठेव. १२०६ साली त्याने ५० यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात नुसतं कौतुक नाही. कुठला भाग कसा घडवायचा, कसा जोडायचा हे आकृत्यांसकट इतकं तपशिलाने लिहिलं आहे की विसाव्या शतकात लोकांनी त्यावरून काही यंत्रं पुन्हा बनवली.

अल-जझरीचं नाव स्टेटसला ठेवणं सोपं आहे. त्याचं काम करायचं असेल तर १०० पानी वही आणि एक पेन घ्यावं लागेल.

आणि आपण तर कोल्हापूरचे. २६ जुलै १९०२ ला इथल्या राजाने मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतल्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली, दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग हे त्याचंच रूप. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा कायदा आला. शाहू महाराजांना कारागिराच्या हाताची किंमत पुरेपूर ठाऊक होती, तरीही त्यांनी आधी त्या हातात पाटी दिली. नुसत्या हुनरावर माणूस पोट भरतो. हिशोब, करार, नकाशा आणि मॅन्युअल वाचता आलं, तरच तो दुसऱ्याच्या दारात हेल्पर म्हणून न थांबता स्वतःचं शटर उघडतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात. त्याच भागांची दुरुस्ती करणारा मिस्त्री त्यांचं ड्रॉइंग वाचू शकत नाही, हे अंतर काही किलोमीटरचं नाही.

लोक काय म्हणतात

या बोलण्यावर तीन उत्तरं हमखास मिळतात.

पहिलं: “गिऱ्हाईकच स्वस्तात मागतं.” खरं आहे. पंधरा वर्षांच्या पुढच्या व्यावसायिक गाडीच्या फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून कितीतरी पटींनी वाढली. त्यात डिझेल, टायर, विमा, हप्ते. माणूस पैसे वाचवायला बघणारच. पण गिऱ्हाईक महाग कामाला घाबरतं त्याहून जास्त फसवणुकीला घाबरतं. त्याला पेटीच्या आतलं दिसत नाही. आपण म्हणतो चाक गेलं, त्याला वाटतं आपण बिल फुगवतोय. त्या पिकअपवाल्याला मी जुनी रिंग आणि नवी रिंग शेजारी ठेवून दाखवली. जुन्या स्लीव्हच्या दातांवरून त्याचंच बोट फिरवलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, “हे मला मार्चमध्ये का न्हाई दाखवलंस?” या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात एक जुनी लबाडी सांगतात. विकण्याआधी गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा किंवा घट्ट ऑइल घालायचं, म्हणजे काही दिवस आवाज दबतो. प्रेषितांच्या चरित्रातला बाजारातल्या धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकलेला आहे, वरून कोरडं आणि आत हात घातला तर ओलं. गिअरबॉक्स हा तसाच ढीग आहे. पण मी स्वतःला विचारतो, भुसा घालणारा लबाड आणि लिव्हर बांधून ‘भागेल’ म्हणणारा भला, असं कसं? आतलं ओलं मलाही माहीत होतंच की.

दुसरं उत्तर: “आता इलेक्ट्रिक गाड्या येणार, गिअरबॉक्सच राहणार नाही.” बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना पाच गिअरची पेटी नसते, हे बरोबर. पण आज रस्त्यावर असलेल्या पिकअप उद्या सकाळी गायब होणार नाहीत. खेडेगावात गाडी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात जात अनेक वर्षं चालते. आणि इलेक्ट्रिक गाडीतही शाफ्ट आहे, बेअरिंग आहे, सील आहे, वेग कमी करणारी दातेरी चाकं आहेत. ज्याला मोजायची आणि वाचायची सवय आहे, तो नवी गाडी शिकेल. ज्याला फक्त उस्तादाची नक्कल येते, त्याचं काम त्या उस्तादाच्या गाड्यांबरोबर संपेल. धंदा संपण्याची भीती असेल तर लिहिण्या-मोजण्याची घाई जास्त करायला हवी.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त टोचतं: “शिकून कुठं नोकरी मिळते, त्यापेक्षा पोराला गॅरेजला घाल.” आठवीतून काढलेली पोरं माझ्याकडेही येतात, त्यांचे वालिद हात धरून आणतात. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवून बोलू. मोटर मेकॅनिकच्या आयटीआयला दहावी पास लागते. आठवीत शाळा सोडलेल्या मुलासाठी तो दरवाजा त्याच दिवशी बंद होतो. नोकरीतला भेदभाव मला माहीत आहे, नाव ऐकून बदललेले चेहरे मीही पाहिलेत. तरी त्याचं उत्तर मुलाला दोन वर्षं आधी शाळेतून काढणं हे नाही. ती लिव्हर बांधणंच आहे. आज भागतं, घाटात तुटतं.

मग करायचं काय

मोठ्या योजना मला येत नाहीत. माझ्या गॅरेजमध्ये जे सुरू केलं, तेवढंच सांगतो.

एक वही ठेवली आहे. प्रत्येक पेटीची एक पान नोंद: गाडी कुठली, किती चालली, तक्रार काय, ऑइलमध्ये काय दिसलं, फट किती भरली, काय बदललं, किती खर्च आला. अब्बा रोज संध्याकाळी चहाबरोबर एक आवाज सांगतात आणि मी तो लिहून घेतो. ‘पंख्यात कागद अडकल्यासारखा’, ‘दळणाच्या गिरणीसारखा’, अशाच शब्दांत, मराठीत. पुढे कारण आणि उपाय. आजवर ४० आवाज झाले.

काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला देतो. त्याला नको असेल तर तो भंगारात टाकेल, पण आधी बघेल. बिलावर पार्टचं नाव, ऑइलचा प्रकार आणि पुढच्या तपासणीचे किलोमीटर लिहितो.

हाताखालच्या दोघांपैकी एक जण बाहेरून दहावीला बसतो आहे, त्याला परीक्षेच्या महिन्यात पगारी सुट्टी. दुसरा चाळिशीचा आहे. त्याच्यासारख्यांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल नावाची सोय आहे. आधीच काम येणाऱ्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात, पुन्हा वर्गात वर्षं घालवावी लागत नाहीत. त्या कागदाने माणूस जास्त हुशार होत नाही. पण बँकेच्या खिडकीवर किंवा कंपनीच्या गेटवर हुशारी दाखवायला आधी आत जावं लागतं, त्यासाठी तो कागद उपयोगी पडतो.

आणि तुम्ही, जे या धंद्यात नाही, कॉलेजात आहात, कॉमर्स-सायन्स करताय, मोबाइल चांगला चालवता, तुमच्यासाठीही काम आहे. घरातल्या मिस्त्रीजवळ रोज अर्धा तास बसा. तो काय करतो त्याचे फोटो काढा, त्याचे शब्द लिहून घ्या, मॅन्युअलमधलं इंग्रजी त्याला मराठीत करून सांगा. त्याच्या काळ्या हातांची लाज वाटत असेल तर ती तिथंच धुऊन निघेल. त्याला लिहिता येत नसेल, तुम्हाला येतं. तुम्हाला ऐकू येत नसेल, त्याला येतं. निदान अजून तरी.

ती पिकअप दसऱ्याच्या आधीच परत धंद्याला लागली. पैसे त्याने चार हप्त्यांत दिले, शेवटचा हप्ता दिवाळीच्या फराळाच्या डब्याबरोबर आला. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर गगनबावड्यापर्यंत गेलो आणि पुढे घाटातली पहिली काही वळणं उतरलो. तिसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला, हात लिव्हरवर नाही. गाडी इंजिनच्या आधाराने सावकाश उतरत राहिली.

परत आल्यावर अब्बांनी विचारलं, “आवाज?”

“नाही.”

“वहीत लिही,” ते म्हणाले.